हार्ड डिस्कवरची हजारो गाणी: सॉफ्टवेअर निवडताना आधी काय पाहायचं

घरच्या हार्ड डिस्कवर गाणी साठत जातात ती काही ठरवून नव्हे. कॅसेटवरून उतरवलेली नाट्यगीतं, सीडीवरून घेतलेले ख्याल, ‘दुर्मिळ आहे, जपून ठेव’ असं बजावून कुणी पेन ड्राइव्हवर दिलेली खासगी मैफल, जुन्या मोबाइलमधून आलेलं कायकाय. तीन-चारशे फाइलींपर्यंत फोल्डर पुरतात. आकडा पाच-दहा हजारांच्या पुढे गेला की ‘माझ्याकडे आहे, पण कुठे आहे ते सापडत नाही’ हे वाक्य घरात रोज ऐकू येऊ लागतं. तिथून पुढे वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर सांभाळणारं सॉफ्टवेअरही लागतं.

हा लेख अशा संग्राहकांसाठी आहे, आणि त्यातही शास्त्रीय, नाट्यसंगीत, भावगीत ऐकणाऱ्यांसाठी. कारण बहुतेक सॉफ्टवेअर पाश्चात्त्य पॉप संगीताच्या हिशेबाने बनलेली असतात: एक कलाकार, एक अल्बम, त्यात दहा-बारा गाणी. आपल्याकडे गाणं शोधणारा माणूस कधी गायकावरून शोधतो, कधी संगीतकारावरून, कधी कवीवरून, आणि शास्त्रीय असेल तर रागावरून. ‘सुरेश भटांच्या सगळ्या गझला लाव’ किंवा ‘घरात जितके मारवे आहेत ते दाखव’ ही साधी फर्माईश. ती पुरी करताना भल्याभल्या प्लेअरची दमछाक होते. म्हणून रंगरूप, इक्वलायझर, नाचणाऱ्या पट्ट्या हे सगळं नंतर बघा.

पायरी १: संग्रहाकडे एकदा नीट बघा

किती फाइली आहेत, कोणत्या प्रकारच्या आहेत आणि किती जागा लागते, एवढं कळलं तरी पुरे. ३२० केबीपीएसची (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३ फाइल मिनिटाला सुमारे २.४ एमबी जागा घेते, म्हणजे तासाला साधारण १४४ एमबी. सीडीवरून फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गाळणारा फाइलप्रकार) घेतलेलं संगीत साधारण त्याच्या दुपटीहून थोडं जास्त. एक टीबीच्या डिस्कवर फ्लॅकचे तीनएक हजार तास बसतात. तेव्हा जागेची चिंता आता फारशी राहिलेली नाही. सीडी पुन्हा उतरवणार असाल तर फ्लॅकच घ्या. फक्त हातातल्या एमपी३ फाइली फ्लॅकमध्ये ‘सुधारायला’ जाऊ नका. एमपी३ करताना जे गळलं ते परत येत नाही, जागा मात्र दुप्पट जाते.

संग्रहात फ्लॅक किती आहेत याला आणखी एका कारणासाठी महत्त्व आहे. मॅकवरचं ॲपलचं म्युझिक ॲप फ्लॅक फाइली लायब्ररीत घेत नाही. ते पुढे येईलच.

पायरी २: टॅग समजून घ्या, बाकी सगळं त्यावर उभं आहे

गाण्याच्या फाइलीत आवाजाच्या जोडीला थोडी लिखित माहितीही ठेवता येते: शीर्षक, कलाकार, अल्बम, वर्ष वगैरे. याला टॅग म्हणतात. सॉफ्टवेअर यादी दाखवतं ती यावरून. फाइलीचं नाव काहीही असो.

एमपी३मधल्या टॅगची, म्हणजे आयडी३ची, पहिली पद्धत १९९६ची. फाइलीच्या शेपटाला जेमतेम १२८ बाइट जोडलेले, त्यात शीर्षकाला ३० आणि कलाकाराला ३०. रोमन लिपीत ३० अक्षरं झाली, पण युनिकोडच्या (संगणकावर सगळ्या लिपी लिहायची सामायिक पद्धत) यूटीएफ-८ प्रकारात देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे मोजून दहा चिन्हं. ‘मल्लिकार्जुन मन्सूर’ यात बसत नाही. जुन्या फाइलींमध्ये अर्धवट तुटलेली नावं किंवा प्रश्नचिन्हांची रांग दिसते ती बऱ्याचदा यामुळे. नंतरच्या दुसऱ्या पद्धतीत ही अडचण नाही. तिच्या २.३ आवृत्तीत यूटीएफ-१६ निवडून लिहिलं तर विंडोजसकट बहुतेक ठिकाणी देवनागरी नीट दिसते. फ्लॅकची टॅगपद्धत वेगळी आहे आणि त्यात हा प्रश्न मुळात नाही.

आता सगळ्यात कळीचा मुद्दा. तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये बसून राग, कवी, साथीदार अशी माहिती भरता, ती जाते कुठे? काही माहिती फाइलीत लिहिली जाते, काही त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्येच राहते. किती वेळा ऐकलं, प्लेलिस्ट आणि बऱ्याचदा तुम्ही गाण्याला दिलेले पसंतीचे तारे हे डेटाबेसमध्ये असतात. उद्या संगणक बदलला, सॉफ्टवेअर बंद पडलं किंवा त्या कंपनीचं मन बदललं, तर डेटाबेसमधलं गेलं आणि फाइलीतलं राहिलं. विनॲम्प १९९७ साली आला आणि एके काळी प्रत्येक सायबर कॅफेत होता. २०१९ साली ॲपलने मॅकवरून आयट्यून्स काढून त्या जागी म्युझिक ॲप आणलं. संग्रह वीस-तीस वर्षं टिकवायचा असेल तर प्लेअर किमान दोनदा बदलेल असं गृहीत धरूनच कामाला लागा.

पायरी ३: सॉफ्टवेअरची मुलाखत घ्या

कोणतंही सॉफ्टवेअर पाहताना हे प्रश्न विचारा. मला स्वतःचा नवा रकाना बनवता येतो का, म्हणजे ‘राग’, ‘ताल’, ‘प्रहर’? तो फाइलीत लिहिला जातो का? एका रकान्यात दोन नावं वेगवेगळी ठेवता येतात का, म्हणजे जुगलबंदी दोन्ही कलाकारांच्या यादीत दिसेल का? शे-दोनशे फाइलींचा टॅग एकदम बदलता येतो का? देवनागरीत शोध लागतो का? तीस हजार फाइलींची यादी उघडताना अडखळतं का? आणि माझ्या परवानगीशिवाय फाइली इकडच्या तिकडे हलवतं का?

शेवटच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू नका. ‘लायब्ररी आपोआप लावून देतो’ हे ऐकायला गोड वाटतं. चुकीच्या टॅगवरून दहा हजार फाइली नव्या फोल्डरांत जाऊन बसल्या की मग घरचा संग्रहही अनोळखी वाटू लागतो. ही सोय असू द्या, पण पहिले काही महिने बंद ठेवा.

पायरी ४: कोणतं घ्यावं

विंडोजवर असाल तर नवख्या माणसाला मी म्युझिकबी सुचवेन. फुकट आहे, दिसायला सरळ आहे. मुख्य म्हणजे प्रेफरन्सेसमधल्या टॅगच्या विभागात नवे रकाने बनवता येतात आणि ते फाइलीत लिहिले जातात. तारेही फाइलीत साठवायचा पर्याय तिथेच आहे, तो चालू करा. वरच्या बाजूला रकान्यांचे तीन-चार उभे कप्पे लावता येतात: राग निवडला की शेजारी त्या रागाचे गायक, गायक निवडला की खाली रेकॉर्डिंग. शास्त्रीय संगीतासाठी ही मांडणी फार सोयीची आहे. सीडी उतरवणं आणि नियमांवर चालणाऱ्या आपोआप प्लेलिस्ट हेही त्यात आहे.

फूबार२००० हे दुसरं. २००२ पासून चालू आहे, अंगाने हलकं आहे आणि जुन्या संगणकावरही मोठी लायब्ररी झरझर उघडतं. रकान्यांचं तर विचारूच नका. फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन हवं ते नाव टाइप करा, नवा रकाना तयार. पण पहिल्यांदा उघडल्यावर ते एखाद्या सरकारी तक्त्यासारखं रूक्ष दिसतं. आपल्याला हवी तशी मांडणी करायची तर टक्केवारीच्या दोन चिन्हांमध्ये रकान्याचं नाव लिहून छोटी सूत्रं बनवावी लागतात. राग, मग उभी रेघ, मग कलाकार, मग उभी रेघ, मग शीर्षक असं सूत्र अल्बम लिस्टमध्ये दिलं की रागवार उघडत जाणारी यादी मिळते. ज्यांना एक्सेलमध्ये फॉर्म्युले लिहायची खोड आहे त्यांना फूबार आवडेल. इतरांनी म्युझिकबीवर राहावं.

मीडियामंकी विंडोजवरचं जुनं नाव. मोठ्या संग्रहांसाठीच ओळखलं जातं, फोनशी गाणी जुळवून घेणं त्यात चांगलं आहे. मूळ आवृत्ती फुकट, जास्तीच्या सोयींना पैसे. स्वतःचे रकाने मात्र ठरावीक संख्येचेच मिळतात.

मॅकवर म्युझिक ॲप आयतं मिळतं, पण त्यात नवा रकाना बनवता येत नाही. लोक राग ‘ग्रुपिंग’मध्ये नाहीतर ‘कॉमेंट्स’मध्ये कोंबतात. चालतं, पण दुसऱ्या प्लेअरमध्ये गेल्यावर कशात काय ठेवलं होतं ते आठवावं लागतं. फ्लॅक चालवायच्या असतील तर त्या ॲपलच्या एएलएसी प्रकारात बदलून घ्याव्या लागतील. आवाज तसूभरही कमी होत नाही, वेळ जातो. नाहीतर स्विन्सियन हे विकतचं सॉफ्टवेअर किंवा फूबारची मॅक आवृत्ती पाहा.

लिनक्सवाल्यांसाठी स्ट्रॉबेरी आणि क्वॉड लिबेट. दुसरं दिसायला साधं, पण कोणताही रकाना, कसलाही शोध चालतो. रागसंगीतासाठी माझं मत त्याला.

व्हीएलसी प्रत्येकाकडे असतंच आणि असावंही. न वाजणारी फाइल त्यात हमखास वाजते. पण ते वाजवणारं आहे, सांभाळणारं नाही. रून हे सॉफ्टवेअर फार देखणं आहे, वर्गणी मात्र भरपूर. नवख्या माणसाने त्या वाटेला जायची गरज नाही.

प्लेअर कोणताही घ्या, जोडीला विंडोजवर एमपी३टॅग हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्याच. नाव एमपी३चं असलं तरी फ्लॅकही चालतात. घाऊक टॅग बदलायचं काम खरं तिथेच होतं. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे आणखी एक. ते गाण्याचा ध्वनी तपासून इंटरनेटवरच्या माहितीकोशातून टॅग भरतं. इंग्रजी अल्बमसाठी उत्तम. घरगुती मैफलीचं रेकॉर्डिंग त्याला कुठून ओळखू येणार! आणि जुनं मराठी गाणं ओळखलं तरी मूळ तबकडीऐवजी ‘सदाबहार’ छापाच्या कुठल्या तरी संकलनाचं नाव चिकटवायची शक्यता असते. पिकार्डने सुचवलेलं डोळे मिटून साठवू नका.

पायरी ५: पन्नासेक फाइलींवर तालीम

सगळा संग्रह एकदम आत घेऊ नका. वेगळा फोल्डर करा, त्यात निरनिराळ्या जातीच्या पन्नासेक फाइलींच्या प्रती टाका: दोन-तीन ख्याल, एक जुगलबंदी, एका चित्रपटाची सगळी गाणी, काही भावगीतं, एखादी तुकड्यातुकड्यांची मैफल. सॉफ्टवेअरला फक्त तोच फोल्डर दाखवा.

एक फाइल जवळून बघू. नाव आहे ‘ट्रॅक ०७’. ऐकल्यावर कळतं की किशोरी आमोणकरांचा भूप आहे, विलंबित. टॅगमध्ये असं भरा. शीर्षक: ‘भूप, विलंबित ख्याल’ आणि पुढे बंदिशीचे बोल. कलाकार: किशोरी आमोणकर. अल्बम: सीडीचं नाव, मैफल असेल तर वर्ष, गाव, प्रसंग या क्रमाने. राग: भूप. ताल: तीनताल की आणखी काही, ऐकून ठरवा, खात्री नसेल तर मोकळा सोडा. प्रहर: रात्र. साथीला कोण ते माहीत असेल तर साथीदारांचा वेगळा रकाना. घराणं भरायचा मोह होतो, पण ते गायकाच्या नावावरून कळतंच.

नव्या रकान्याचं नाव रोमन लिपीतच ठेवा, त्यातला मजकूर देवनागरीत. फ्लॅकच्या नियमानुसार रकान्याचं नाव साध्या रोमन चिन्हांतच असावं लागतं. आत काय लिहायचं त्याला बंधन नाही.

भावगीतांचं सोपं आहे. संगीतकार आणि गीतकार हे दोन्ही रकाने प्रमाणित आहेत, वेगळे बनवावे लागत नाहीत. फक्त ते रिकामे असतात, कारण फाइल बनवणाऱ्याने कधी भरलेलेच नसतात. ते एकदा भरले की शांता शेळके यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकरांनी संगीत दिलेली गाणी एकदम शोधता येतात.

जुगलबंदीत दोन नावांमध्ये अर्धविराम टाका. म्युझिकबी आणि फूबार त्याची दोन नावं करतात. एमपी३टॅगमध्ये त्यासाठी दोन उलट्या तिरक्या रेघा लागतात. स्वल्पविराम किंवा ‘आणि’ टाकलात तर सॉफ्टवेअरच्या लेखी तो तिसराच कुणी कलाकार होतो.

पायरी ६: नावं एकदाच ठरवा आणि कागदावर लिहून भिंतीला लावा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि कोणतंही सॉफ्टवेअर हे काम तुमच्यासाठी करत नाही. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’ हे संगणकाला तीन निराळे गायक. माझं म्हणणं, पंडित, उस्ताद, विदुषी, बुवा हे सगळं टॅगमधून काढा. अनादर होत नाही. यादीत अर्धे गायक ‘पं’ या अक्षराखाली गोळा होण्यापेक्षा हे बरं.

रागांच्या नावांची तऱ्हा आणखी न्यारी. भूप आणि भूपाली, दरबारी आणि दरबारी कानडा, तोडी आणि मियाँ की तोडी. यातलं एकेक नाव निवडा आणि तेच सगळीकडे वापरा. ‘मियाँ’वर चंद्रबिंदू की ‘मियां’वर अनुस्वार हेसुद्धा ठरवा. डोळ्याला फरक दिसत नाही, शोधाला दिसतो. यमन आणि यमनकल्याण मात्र एकत्र करू नका. ते वेगळे मानणारे रसिक घरी येतात.

काही जणांकडे कॅसेटच्या याद्या जुन्या वर्ड फाइलींमध्ये, श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्यातला मजकूर तसाच टॅगमध्ये चिकटवला तर इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा चिवडा दिसेल. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. नव्याने टाइप करायचं असेल तर विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कळफलक आहे.

गाडीतला म्युझिक सिस्टिम देवनागरी दाखवतो का तेही याच टप्प्यावर बघा. चौकोन दिसले तर टॅग देवनागरीत आणि फाइलीचं नाव रोमन लिपीत, हा मधला मार्ग बरा पडतो. गाडीत बहुधा फोल्डरवरूनच गाणं निवडतात.

पायरी ७: फुटलेले अल्बम आणि विस्कटलेला क्रम

चित्रपटाच्या आठ गाण्यांना पाच गायक असले की काही प्लेअर त्याचे पाच अल्बम करून दाखवतात. यावर उपाय ‘अल्बम कलाकार’ हा रकाना. सगळ्या आठ फाइली निवडा आणि तिथे एकच नाव टाका. इंग्रजी पद्धतीत ‘विविध कलाकार’ टाकतात. मी संगीतकाराचं नाव टाकतो. सुधीर फडके, श्रीनिवास खळे यांची गाणी मग आपोआप एका ठिकाणी येतात.

क्रमासाठी ट्रॅक नंबर भरा. गीतरामायणात ५६ गीतं आहेत आणि ती कथेच्या ओघाने यायला हवीत. नंबर नसतील तर प्लेअर ती शीर्षकाच्या अकारविल्हेनुसार लावतो आणि रामायणाचा पार विचका होतो. फाइलींच्या नावांत १, २, ३ असे साधे आकडे असले तर काही उपकरणं १ नंतर १० वाजवतात, म्हणून ०१, ०२ असं लिहा. एमपी३टॅगमध्ये फाइलींना ओळीने नंबर द्यायची सोय आहे. छप्पन्न नंबर हाताने लिहीत बसू नका.

‘डुप्लिकेट शोधा’ हे बटण जपून दाबा. शीर्षक यमन आणि गायक तोच असला की सॉफ्टवेअर त्यांना एकाच फाइलीच्या दोन प्रती समजतं. आपल्याला माहीत असतं की एक पुण्याची मैफल आहे आणि दुसरी कोलकात्याची. आधी गाण्याची लांबी ताडून बघा, मग ऐकून बघा, पुसायचा विचार त्यानंतर.

पायरी ८: आवाजाची पातळी

७८ आरपीएमच्या तबकडीवरून आलेलं तीन मिनिटांचं नाट्यपद बारीक आवाजात, आणि त्यामागून नवी सीडी कानठळ्या बसवत. यासाठी रीप्लेगेन आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक फाइल मोजतं आणि किती डेसिबल कमी-जास्त करायचे तेवढा आकडा टॅगमध्ये लिहितं. मूळ आवाजाला हात लागत नाही. सुट्या गाण्यांना ट्रॅकनुसार पातळी द्या. शास्त्रीय मैफलीला अल्बमनुसार द्या, नाहीतर आलापाची मुद्दाम ठेवलेली शांतता आणि द्रुताचा जोर एकाच उंचीवर येतात.

मैफलीचे तुकडे केलेले असतील तर दोन फाइलींच्या मध्ये खंड पडतो का तेही ऐका. समेवर येता येता अर्ध्या सेकंदाची फट पडली तर तो प्लेअर आपल्या कामाचा नाही. म्युझिकबी आणि फूबार दोन्ही सलग वाजवतात.

पायरी ९: आता सगळा संग्रह, पण आधी प्रत

मूळ संग्रहाची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. टॅगच्या कामात एका चुकीच्या निवडीने पाचशे फाइलींवर एकच राग छापला जाऊ शकतो, आणि साठवल्यावर तो परत घेता येईलच असं नाही. मग एकेक फोल्डर आत घ्या, एका बैठकीत एक गायक किंवा एक संगीतकार. प्लेअरच्या लायब्ररीची फाइलही अधूनमधून त्या डिस्कवर ठेवत जा, म्हणजे प्लेलिस्ट आणि ऐकल्याचा हिशेब राहील.

काही आठवड्यांनी एक तपासणी करा. म्युझिकबीत टॅग भरलेला एक फोल्डर फूबारमध्ये उघडा, किंवा उलट. फूबारच्या प्रॉपर्टीजमध्ये तुमचा राग कोनी कंसातल्या रकान्यात दिसला तर माहिती फाइलीत पोचली आहे, बाकीचं काम बिनधास्त पुढे न्या. दिसला नाही तर तिथेच थांबा, प्लेअरच्या टॅगच्या सेटिंगमध्ये तो रकाना फाइलीत लिहिण्याचा पर्याय शोधा आणि तो चालू करून त्याच फोल्डरचे टॅग पुन्हा साठवा.